मे महिन्यात घर पसंत करू नका : मुंबईहून कुल्लूच्या गावात राहायला जाताना

मुंबई-ठाण्याची बरीच मंडळी मे महिन्यात कुल्लू खोऱ्यात येतात. घामाने चिकटलेला शर्ट आठ दिवसांत विसरला जातो, काम घरूनच करायचं असतं, भाडं कांदिवलीच्या वन-बीएचकेपेक्षा कितीतरी कमी असतं, आणि तिथल्या तिथे विसार दिला जातो. मे महिन्यात या खोऱ्यातलं कुठलंही घर सुंदरच दिसतं. ते घर जानेवारीत राहण्यासारखं आहे का, हे मे महिन्यात दिसत नाही, पण मोजून काढता येतं. ते कसं मोजायचं आणि डिसेंबरच्या आत काय काय उरकायचं, याबद्दल हे टिपण आहे. नग्गर, जगतसुख, कटराईन या पट्ट्यातली गावं साधारण दीड ते दोन हजार मीटर उंचीवर आहेत. जानेवारीत वरच्या गावांमध्ये रात्री पारा शून्याच्या दोन-पाच अंश खाली जाणं नेहमीचं आहे. स्पिती किंवा लडाखचा हिशेब वेगळा, तो इथे धरलेला नाही.

सगळ्यात आधी ऊन. मुंबईत आपण ऊन टाळणारं घर शोधतो, इथे ऊन पकडणारं शोधायचं. २२ डिसेंबरच्या सुमारास मुंबईत दुपारचा सूर्य क्षितिजापासून साधारण ४७ अंशांवर असतो. कुल्लूत तो जेमतेम ३४ अंशांवर चढतो. म्हणजे घराच्या दक्षिणेला ३४ अंशांपेक्षा उंच काही असेल, मग तो डोंगर असो, शेजारची तीन मजली इमारत असो की देवदारांची रांग, तर ऐन हिवाळ्यात भरदुपारीही घरावर ऊन पडणार नाही. हे मोजायला यंत्र लागत नाही. हात समोर ताठ धरून मूठ वळली की ती साधारण १० अंश झाकते. अंगणात उभं राहून दक्षिणेकडे तोंड करा, डोळ्यांच्या सरळ रेषेपासून एकावर एक तीन मुठी मोजा. त्यावर मोकळं आकाश दिसलं तर घर पास. फोनवर सूर्याचा मार्ग दाखवणारी अ‍ॅप्स आहेत, त्यात तारीख डिसेंबरची टाकून सकाळ-संध्याकाळही तपासा. सफरचंद आणि अक्रोडाची झाडं आड येत असली तर काळजी नको, हिवाळ्यात त्यांची पानं गळतात. देवदार आणि कैल (इथला पाइन) मात्र बाराही महिने हिरवे, ते ऊन अडवतात.

ब्यास नदी उत्तरेकडून दक्षिणेकडे वाहते, त्यामुळे खोऱ्याचे दोन काठ दोन स्वभावांचे आहेत. नग्गर-जगतसुखची बाजू, जिला सगळे लेफ्ट बँक म्हणतात, पश्चिमेकडे उतरते. तिथे सकाळचं ऊन उशिरा येतं, पण संध्याकाळपर्यंत टिकतं. कटराईन-रायसनची बाजू पूर्वेकडे उतरते. तिथे ऊन लवकर येतं आणि दुपार कलली की डोंगराआड जातं. दिवसभर खुर्चीत बसून काम करणाऱ्याला लेफ्ट बँक बरी. मुलांची सकाळची शाळा असेल, किंवा रात्री गोठलेले नळ लवकर सुटायला हवे असतील, तर पलीकडची बाजू बरी. देखावा दोन्हीकडे सारखाच, त्यावर निर्णय घेऊ नये.

घराचा प्रकार हा दुसरा मुद्दा. जुनी काठकुणी घरं म्हणजे लाकडाच्या तुळया आणि दगडांचे थर एकावर एक, मध्ये सिमेंट-चुना काही नाही, वर पाटीच्या दगडाचं छप्पर. खाली गुरं, वर माणसं अशी त्यांची मांडणी, म्हणजे खालच्या गोठ्याची ऊब वर मिळत असे. ही घरं भूकंपात हलतात पण सहसा कोसळत नाहीत, आणि १९०५ चा कांगडा भूकंप ज्या प्रदेशाने पाहिला तिथे ही मोठीच गोष्ट आहे. त्यांची अडचण म्हणजे संडास-बाथरूम बहुधा बाहेर असतं आणि फटींतून वारा येतो. नवी घरं ‘लेंटर’ची, म्हणजे आरसीसी स्लॅबची. दिसायला मुंबईसारखी, म्हणून ती पटकन आवडतात. पण उघडा काँक्रीटचा स्लॅब रात्री आकाशाकडे उष्णता फेकत राहतो आणि आतून बर्फासारखा गार पडतो. आपला श्वास, स्वयंपाकाची वाफ, आत वाळत घातलेले कपडे यांतला ओलावा त्या गार स्लॅबवर जाऊन बसतो. पहाटे छतावरून थेंब पडतात आणि महिन्याभरात कोपऱ्यात काळी बुरशी धरते. लोक ही गळती समजून गच्चीवर वॉटरप्रूफिंग करून घेतात. पाणी वरून येतच नसतं, मग फरक कसा पडणार? उपाय आतून करायचा: छताला आणि उत्तरेच्या भिंतीला लाकडी फळ्यांचं अस्तर, फळी आणि काँक्रीट यांच्यामध्ये दीड-दोन इंचांचे थर्मोकोल किंवा फोमचे पत्रे, सांधे टेपने बंद. फळ्या नुसत्याच ठोकल्या आणि मागे पोकळी सोडली तर बुरशी फळ्यांमागे वाढते आणि दिसतही नाही. शिवाय रोज दुपारी दहा मिनिटं समोरासमोरच्या खिडक्या सताड उघडायच्या. थंडीत हे वेडेपणाचं वाटतं, पण भिंतींची ऊब दहा मिनिटांत जात नाही, दमट हवा मात्र जाते.

तिसरं, नाला. घराच्या आसपास कोरडा ओहोळ दिसला तर तो कोरडा आहे म्हणून निश्चिंत होऊ नये. जुलै २०२३ मध्ये ब्यासने रस्ते, पूल, काठावरची हॉटेलं उचलून नेली. नदीने आपली जुनी जागा परत घेतली, असंच त्याचं वर्णन करावं लागेल. गावातल्या सत्तरीच्या माणसाला विचारा, ‘चाचाजी, नाला कहाँ तक आया था?’ तो बोटाने दाखवेल, त्या रेषेच्या वरच घर घ्या. घरामागे डोंगर कापून बांधलेली दगडी भिंत असेल, तिला इथे डंगा म्हणतात, तर तिला पाणी झिरपून जायला भोकं आहेत का आणि तिला पोट आलंय का ते बघा. पोट आलेला डंगा पावसाळ्यात बसतो.

घर विकत घेण्याचा विचार असेल तर तो इथेच थांबवावा लागेल. हिमाचलच्या १९७२ च्या कूळ व जमीन सुधारणा कायद्याचं कलम ११८ शेतकरी नसलेल्याला सरकारी परवानगीशिवाय जमीन घेऊ देत नाही. आपल्याकडे सातबारा आहे, म्हणजे आपण शेतकरी, हा युक्तिवाद चालत नाही. या कायद्यात शेतकरी म्हणजे हिमाचलमधल्या जमिनीवर स्वतः शेती करणारा मालक. कुणा स्थानिकाच्या नावावर घेऊन ठेवू, असं सुचवणारे दलाल भेटतील. असा व्यवहार उघडकीला आला तर जमीन सरकारजमा होते, आणि पैसे परत मागायला तुमच्याकडे कागदच नसतो. घर भाड्याने घ्या, करार लेखी करा, पोलीस ठाण्यात भाडेकरूची नोंद करा. जमिनीसकट लांब मुदतीचा पट्टा कुणी देऊ केला तर सही करण्याआधी कुल्लूतल्या वकिलाला दाखवा, कारण पट्टाही याच कलमात येतो.

आता पाणी. थंडीपेक्षा नवख्यांना पाण्यानेच जास्त रडवलंय.

पाणी गोठलं की साधारण ९ टक्के फुगतं. पण पाइप सहसा जिथे बर्फ धरतो तिथेच फुटेल असं नाही. बर्फाचं बूच आणि बंद नळ यांच्या मध्ये पाणी कोंडलं जातं, त्यावर दाब चढत जातो आणि सांधा उडतो. हे रात्री होतं आणि कळतं दुसऱ्या दिवशी अकराला, ऊन आल्यावर बर्फ सुटला की. सीपीव्हीसी पाइप थंडीत ठिसूळ होतात, जीआयचे, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी पाइपांचे, सांधे उसवतात, काळा एचडीपीई पाइप त्यातल्या त्यात सोशिक. मुंबईत पाइप इमारतीच्या बाहेरून जातात, इथेही नव्या घरांत प्लंबर तसेच बाहेरून फिरवतो. उत्तरेच्या भिंतीवरून जाणारा पाइप दिसला तर घरमालकाशी बोलून तो आतून किंवा दक्षिणेकडून घ्या. जमिनीतून येणारा भाग दीड-दोन फूट खोल गाडलेला हवा. उघड्या पाइपवर काळ्या फोमची नळी चढवायची, तिची चीर टेपने बंद करायची आणि वर प्लास्टिक गुंडाळायचं, कारण भिजलेला फोम निरुपयोगी. कोपरे आणि व्हॉल्व्ह सोडून बाकी सगळं गुंडाळलं, असं काम बऱ्याचदा दिसतं. गोठायला सुरुवात नेमकी त्या कोपऱ्यांतच होते.

फोमने गोठणं लांबतं, टळत नाही. कडाक्याच्या रात्री पाइप रिकामा करणं हाच खरा उपाय. टाकीखालचा मुख्य व्हॉल्व्ह बंद करा. मग घरातला सगळ्यात खालचा नळ उघडा, आणि हवा आत यावी म्हणून सगळ्यात वरचा नळही उघडा. वरचा उघडला नाही तर स्ट्रॉच्या तोंडावर बोट ठेवल्यासारखं पाणी आतच लटकून राहतं. पाइपला मध्येच झोल असेल तर तिथे पाणी उरतं, म्हणून पाइप एकसारख्या उताराचे हवेत. सकाळी ऊन पाइपवर आलं की आधी खालचा नळ बंद, मग मुख्य व्हॉल्व्ह हळूहळू सुरू, आणि वरच्या नळातून हवा जाऊन पाण्याची धार लागली की तोही बंद. संध्याकाळी दोन बादल्या आणि एक मोठं पातेलं भरून ठेवायचं, म्हणजे सकाळचं अडत नाही. बॉल व्हॉल्व्ह बंद केला की त्याच्या पोटात थोडं पाणी अडकतं आणि तोच तडकतो, म्हणून तो घराच्या आत असावा किंवा त्याला भुसा भरलेली लाकडी पेटी करावी.

तरीही गोठलंच तर नळाच्या टोकाकडून सुरुवात करून मागे मागे जात पाइप गरम करायचा. नळ उघडा ठेवून केसांचा ड्रायर फिरवा, नाहीतर गरम पाण्यात पिळलेलं फडकं गुंडाळत जा. मधूनच गरम केलं तर सुटलेलं पाणी दोन बर्फांच्या मध्ये अडकतं. पेटत्या चिंधीने किंवा ब्लो लॅम्पने शेकणारे प्लंबर असतात, त्यांना लाकडी घराजवळ फिरकू देऊ नका.

गीझरचा हिशेब करून ठेवा. २५ लिटर पाणी २५ अंशांवरून ४५ वर न्यायला मुंबईत २ किलोवॅटच्या गीझरला साधारण १८ मिनिटं लागतात. इथे टाकीतलं पाणी ५ अंशांचं, म्हणजे ३५ मिनिटं आणि जवळपास १.२ युनिट. संध्याकाळी गावभर हीटर लागले की व्होल्टेज १८० पर्यंत उतरू शकतं. व्होल्टेज एवढं घसरलं की तोच गीझर सव्वा किलोवॅटहूनही कमी काम करतो, आणि ३५ ची ५५-६० मिनिटं होतात. गीझर बिघडला म्हणून मेकॅनिकला बोलावण्याआधी व्होल्टेज मोजा. गॅस गीझरच्या मोहात पडू नका. दारं-खिडक्या घट्ट बंद केलेल्या न्हाणीघरात तो कार्बन मोनॉक्साइड सोडतो, वास येत नाही, माणूस बसल्या जागी बेशुद्ध होतो. आधीच बसवलेला असेल तर तो न्हाणीघराबाहेर हलवा, आणि वापरून झाल्यावर त्याच्या खालचा पाणी सोडायचा स्क्रू उघडून तो रिकामा करा, नाहीतर आतली तांब्याची नळी फाटते. आरओची पटलंही गोठली की वाया जातात. झऱ्याच्या पाण्यात क्षार बहुधा कमीच असतात, तेव्हा आरओची गरज आहे का हे आधी टीडीएस मोजून ठरवा. पावसाळ्यात मात्र पाणी उकळूनच प्या, कावीळ पर्यटकांना आणि रहिवाशांना सारखीच होते.

ऊब मिळवण्याचे दोन मार्ग आहेत, खोली तापवणं आणि माणूस तापवणं. शहरातून आलेला माणूस पहिल्यावर पैसे घालवतो. २ किलोवॅटचा ऑइल हीटर रात्रभर, आठ तास, अखंड चालला तर १६ युनिट. १०० वॅटची इलेक्ट्रिक अंथरी, म्हणजे गादीवर अंथरायचं विजेचं ब्लँकेट, त्याच आठ तासांत १ युनिटही घेत नाही. झोपायच्या खोलीला दुसरा मार्ग पुरतो. ऑइल हीटर घेतलाच तर त्याला २.५ चौरस मिलिमीटर तांब्याच्या तारेचं वेगळं १६ अँपिअरचं सॉकेट हवं. भाड्याच्या घरातल्या बारीक तारेवर एक्स्टेन्शन बोर्ड लावून हीटर चालवला की आधी प्लग वितळतो.

बैठकीच्या खोलीला तंदूर. हा रोट्यांचा तंदूर नव्हे. लोखंडी पत्र्याची पेटी, पुढे दार, त्याला हवेची झडप, मागून वर जाणारा चार इंची पाइप. पाइपचे तुकडे जोडताना वरच्या तुकड्याचं टोक खालच्या तुकड्याच्या आत बसवायचं. धुराचं डांबर पाइपच्या आतून खाली ओघळतं, उलटं जोडलं तर ते सांध्यांतून बाहेर गळतं आणि गालिच्यावर काळे डाग पडतात. ते डाग जात नाहीत. पाइप लाकडी भिंतीपासून दीड फूट लांब ठेवा. छतातून जातो तिथे लाकूड सढळ हाताने कापून पत्र्याची चौकट बसवा. वरचं टोक छपराच्या कण्यापेक्षा दोन फूट उंच हवं, नाहीतर वारा धूर परत घरात ढकलतो. धूर परतण्याची बाकी कारणं म्हणजे ओलं लाकूड, पाइपला जास्त कोपर, आणि थंड पाइप. थंड पाइपला उपाय सोपा: लाकूड पेटवण्याआधी वर्तमानपत्राचा एक बोळा पाइपच्या तोंडाशी जाळायचा, हवा वर ओढायला लागते. तीन-चार आठवड्यांनी पाइप उतरवून झाडायचा, डांबर साचलं की पाइपच्या आत आग लागते. राख झाकणाच्या लोखंडी बादलीतच काढायची, निखारे दुसऱ्या दिवशीही जिवंत असतात. निवलेली राख फेकू नका, अंगणातल्या गोठलेल्या पायवाटेवर पसरली की पाय घसरत नाही.

कोळशाची शेगडी बंद खोलीत ठेवून झोपणं म्हणजे आत्महत्या. दर हिवाळ्यात उत्तरेतल्या डोंगरांतून अशा बातम्या येतात. तंदूर असलेल्या खोलीतही खिडकीची दोन बोटं फट ठेवा आणि कार्बन मोनॉक्साइडचा बॅटरीवरचा अलार्म लावा.

लाकूड किती? संध्याकाळी चार-पाच तास तंदूर पेटवायचा तर साधारण १० किलो धरा. चार महिन्यांचे १२ क्विंटल होतात. गावकऱ्यांना जंगलातून लाकूड मिळण्याचे पिढीजात बर्तनदारी हक्क असतात, भाडेकरूला नसतात. वन विकास महामंडळाच्या डेपोतून किंवा बागायतदाराकडून छाटणीचं लाकूड विकत घ्यावं लागतं. बागांची छाटणी हिवाळ्याच्या शेवटी होते, तेव्हा पुढच्या वर्षाचं लाकूड वसंतातच घेऊन, फोडून, दगडांवर रचून, वरून पत्रा आणि बाजूंनी मोकळं असं ठेवायचं. डिसेंबरमध्ये घेतलेलं लाकूड ओलं असतं, त्याची बरीच ऊब त्यातलंच पाणी उडवण्यात जाते. ओळखायचं कसं? दोन ढलप्या एकमेकींवर आपटा. सुकी खणखणते, ओली धप्प वाजते. कैलाचं लाकूड राळेमुळे पटकन पेटतं पण काजळी धरतं, बानचं (डोंगरी ओकचं) सावकाश पेटतं आणि निखारा टिकवतं. दोन्ही ठेवा.

स्वयंपाकघराचं गणितही बदलतं. दोन हजार मीटरवर पाणी साधारण ९३ अंशांना उकळतं, म्हणून उघड्या पातेल्यात डाळ शिजता शिजत नाही. कुकरमध्येही आतलं तापमान मुंबईपेक्षा तीन-चार अंश कमीच राहतं. वेळ वीस-पंचवीस टक्के वाढवा, तीन शिट्ट्यांचं वरण चारवर न्या. त्याहून महत्त्वाचं म्हणजे डाळ कोमट पाण्यात अर्धा तास भिजवा. गार पाण्यात रात्रभर ठेवलेले हरभरेही सकाळी कडक राहतात आणि दोष कुकरला मिळतो. सिलिंडर थंडीत लवकर ‘संपतो’, त्याचंही कारण आहे. एलपीजीमध्ये प्रोपेन आणि ब्युटेन असतात, आणि ब्युटेनची वाफ शून्याच्या आसपास फारच मंदावते. सिलिंडर बाहेर गॅलरीत असेल तर तळाशी गॅस असूनही आच मरते. तो स्वयंपाकघरात, हवेशीर जागी ठेवा. फारच अडलं तर हाताला सोसेल इतक्या कोमट पाण्याच्या टबात उभा करा. उकळतं पाणी किंवा आच त्याच्याजवळ कधीही नेऊ नका.

दह्याला विरजण दुप्पट, दूध नेहमीपेक्षा गरम, आणि भांडं कॅसरोलमध्ये घालून रजईत. इडलीच्या पिठाला एक रात्र पुरत नाही. मोठ्या थर्मोकोलच्या खोक्यात पिठाचं भांडं आणि गरम पाण्याच्या दोन बाटल्या ठेवून, बाटल्या एकदा बदलून, ते आंबतं. खोबरेल तेल २४ अंशांखाली थिजतं, म्हणजे इथे वर्षातला बराच काळ दगड. रुंद तोंडाच्या बरणीतच ठेवा. ज्वारी इथे मिळणार नाही. पीठ आणू नका, कडू होतं, ज्वारी आणा आणि गावच्या चक्कीवर दळा. कोकम, गोडा मसाला, साबुदाणा, जाड पोहे सोबत असू द्या. बाकी इथला राजमा आणि लाल तांदूळ यांची सवय लावून घेतलेली बरी. सिड्डू, म्हणजे आंबवलेल्या कणकेचा वाफवलेला उंडा, तुपासोबत खाल्ला की भाकरीची आठवण जरा कमी होते.

फ्रिजबद्दल एक गोष्ट कुणी सांगत नाही. एकच थर्मोस्टॅट असलेल्या फ्रिजला खोलीचं तापमान ५-१० अंशांवर आलं की वाटतं, आतलं काम झालेलं आहे. कॉम्प्रेसर बंद राहतो आणि फ्रीझरमधलं सामान वितळतं. फ्रिज तंदूरच्या खोलीत ठेवा किंवा हिवाळ्यापुरता बंद करा, भाजी अशीही टिकते. इन्व्हर्टरची बॅटरी घरात आणि भरलेली ठेवा. भरलेली बॅटरी उणे तापमान सहज सोसते, पूर्ण उतरलेली मात्र शून्याच्या थोडंच खाली गोठते आणि तिचं कवच फुटतं. बर्फ पडला की वीज आणि फायबर दोन्ही जातात. घरून काम करणाऱ्याकडे दोन वेगळ्या कंपन्यांची सिम हवीत, आणि त्यांची रेंज त्याच खोलीत तपासलेली हवी.

सामान कधी हलवायचं? जुलै-ऑगस्टमध्ये दरडी, जानेवारी-फेब्रुवारीत बर्फ. मुंबईहून निघायला सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरचा पहिला पंधरवडा सर्वात बरा. पाऊस ओसरलेला असतो, सफरचंदाचा हंगाम संपत आल्यामुळे ट्रक आणि मजूर मिळू लागतात, आणि थंडीआधी दोन महिने हातात राहतात. मोठा कंटेनर गावापर्यंत जात नाही. शेवटचा टप्पा पिकअप जीपने, आणि बऱ्याच घरांना त्यापुढेही पायवाट, म्हणजे पाठीवरून. हा भाग पॅकर्सच्या कोटेशनमध्ये नसतो आणि भांडणं तिथेच होतात, म्हणून ‘रोडहेडपासून घरापर्यंत’ असे शब्द लेखी घ्या. तीन दारी कपाट आणि सोफा-कम-बेड मुंबईतच विका. जुन्या घरांची दारं बुटकी असतात, पाच फुटांचीही सापडतात. एसी, कूलर, पंखे आणण्यात अर्थ नाही. जाड पडदे, गालिचे आणि खिडक्यांच्या फटींना लावायची फोमची पट्टी यांना मात्र सोन्याचं मोल.

गाडीच्या रेडिएटरमध्ये मुंबईतला मेकॅनिक कधीकधी नुसतं पाणी घालतो. निघण्याआधी ते काढून कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं भरा, नाहीतर इंजिनचा ब्लॉक तडकू शकतो. काच धुण्याच्या टाकीतही साधं पाणी नको. शून्य अंशाला बॅटरीचा स्टार्ट करण्याचा जोर साधारण एक तृतीयांशाने घटतो, चार वर्षं जुनी बॅटरी हिवाळ्याआधीच बदला. रात्री हँडब्रेक ओढू नका, तो गोठून चिकटतो. गाडी गिअरमध्ये ठेवा, चाकाला दगड लावा, वायपर उभे करा. रस्त्यावर बर्फाची पांढरी चादर दिसते तेव्हा सगळेच सावध असतात. धोका सावलीतल्या वळणावरच्या पारदर्शक काचेसारख्या थराचा, तो ओल्या डांबरासारखा दिसतो. तिथे ब्रेक दाबायचा नाही, आधीच खालच्या गिअरमध्ये उतरायचं. बारा महिन्यांपेक्षा जास्त राहणार असाल तर गाडीची नोंदणी बदलावी लागते. महाराष्ट्रातल्या आरटीओचं ना-हरकत प्रमाणपत्र घ्या, हिमाचलचा कर भरा, आणि मग महाराष्ट्रात भरलेल्या कराच्या उरलेल्या भागाचा परतावा मागा. याच क्रमाने.

अंगावर सुती काहीही आतून घालू नका. घाम सुकत नाही आणि थंडी हाडात शिरते. आत थर्मल, वर लोकर किंवा फ्लीस, बाहेर वारा अडवणारं जाकीट, असे तीन थर दोन जाड स्वेटरांपेक्षा भारी. घरात वावरायला इथले पुल्ले, भांगेच्या तंतूंपासून विणलेले मऊ जोडे, घ्या. गार पाण्यात भांडी घासून हात थेट तंदूरवर शेकले की बोटं लाल होऊन सुजतात आणि खाजतात. हात आधी पुसा, काखेत धरा, मग लांबून शेका. मधुमेह असलेल्यांनी पायांबाबत विशेष जपावं. तहान लागत नाही म्हणून पाणी पिणं कमी होतं, आणि रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांना ते बाधतं. गोळ्या दोन महिन्यांच्या ठेवा, रस्ता कधी बंद होईल सांगता येत नाही.

गावाची आपली शिस्त आहे आणि ती देवतेच्या नावाने चालते. मंदिरात चामड्याचा पट्टा-पाकीट नेत नाहीत, काही मंदिरांत बाहेरच्याला आत जाताही येत नाही. आधी विचारावं, कुणी रागावत नाही. आपल्याकडे संक्रांतीला तिळगूळ वाटतात, तेव्हा मनालीजवळच्या गोशाल आणि आसपासच्या काही गावांत मौन सुरू होतं. देवता स्वर्गात गेल्या, असं मानून सुमारे दीड महिना शेत खणत नाहीत, टीव्ही-रेडिओचा आवाज करत नाहीत. अशा गावात घर घेतलं असेल तर त्या काळात ड्रिल मशीन बाहेर काढायचं नाही. एरवीही बर्फ पडल्यावर सुतार आणि प्लंबर मिळत नाहीत. फळ्यांचं अस्तर, पाइपांची कामं आणि तंदूरची चौकट नोव्हेंबर संपायच्या आत उरकून घ्या.